दिव्याची फुटलेली काच, तडकलेला कॅमेरा: काय सांधावं आणि काय बदलावं

गाडीच्या दिव्याला तडा गेला की बहुतेक जण थेट गोंद शोधायला लागतात. त्याआधी एक गोष्ट बघून घ्या: तडा गेलेला भाग पाणी आणि धूळ अडवायचं काम करतो, की उजेडाला वळण द्यायचं? पहिल्या कामासाठी केलेली दुरुस्ती वर्षानुवर्षं टिकू शकते. दुसऱ्या कामासाठी केलेली जवळजवळ कधीच नीट जमत नाही. कुठे हात घालायचा आणि कुठे सरळ नवा भाग आणायचा, हे यावरूनच ठरतं.

नव्या धाटणीच्या हेडलाइटची पुढची काच (बोलताना काच म्हणतो, पण असतं ते प्लास्टिक) गुळगुळीत, पारदर्शक असते. झोताची दिशा ठरवतो आतला रिफ्लेक्टर किंवा प्रोजेक्टरचं गोल भिंग. म्हणजे ही बाहेरची काच मुख्यतः झाकण असते आणि तिच्या कडेचा तडा सांधता येतो. जुन्या हेडलाइटच्या काचेवर उभ्या-आडव्या रेघांची नक्षी असते. ती नक्षीच उजेड पसरवते, त्यामुळे तिच्यामधून गेलेला तडा बुजवला तरी झोत बिघडलेलाच राहतो. टेललाइटची काच उजेडाला रंग देते, शिवाय मागून येणाऱ्या गाडीचा उजेड परत फेकते. आणि कॅमेऱ्याचं भिंग म्हणजे पूर्णपणे प्रकाशाचंच काम; तिथला सूक्ष्म चढउतारही चित्रात उतरतो.

पहिलं काम: पाणी रोखा

तड्यापेक्षा मोठं नुकसान आत शिरलेलं पाणी करतं. रिफ्लेक्टरवरची चकाकी म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. ओल लागली की तो काळवंडतो, सोलतो, आणि तो घरी परत आणता येत नाही. एलईडी दिव्यात तर आत सर्किटही असतं. म्हणून दुरुस्ती पुढच्या आठवड्यात करणार असाल, तरी तडा आजच झाका.

पुसून कोरडं करा आणि रुंद पारदर्शक टेप तड्याच्या दोन्ही बाजूंना किमान २ सेंटिमीटर बाहेर जाईल अशी लावा. टेललाइटचा तुकडा उडाला असेल तर दिव्यांसाठी मिळणारी पारदर्शक लाल टेप वापरा. एकच थर पुरे. थरावर थर चढवले की ब्रेकचा उजेड मंद होतो आणि मागच्याला तो उशिरा दिसतो. सुटलेले तुकडे, अगदी नखाएवढे असले तरी, जपून ठेवा. जुना तुकडा कडांना जसा बसतो तसं नवं काहीच बसत नाही. आणि काम होईपर्यंत जोरदार फवाऱ्याने गाडी धुऊ नका.

प्लास्टिक कोणतं आहे?

हा टप्पा लोक गाळतात आणि तिथेच काम बिघडतं. हेडलाइटची काच सहसा पॉलिकार्बोनेटची असते, टेललाइटची ॲक्रिलिकची. काचेवर किंवा दिव्याच्या पाठीवर बारीक उठावाची अक्षरं शोधा: 'पीसी' म्हणजे पॉलिकार्बोनेट, 'पीएमएमए' म्हणजे ॲक्रिलिक. अक्षरं सापडली नाहीत तर फुटण्याची तऱ्हा बघा. ॲक्रिलिक ठिसूळ असतं, धारदार तुकड्यांत फुटतं. पॉलिकार्बोनेट चिवट असतं. ते आधी वाकतं, दबतं आणि मग चिरतं.

पॉलिकार्बोनेट उन्हाने पिवळं पडतं, म्हणून त्यावर कारखान्यात संरक्षक थर दिलेला असतो. ॲक्रिलिक ऊन चांगलं सोसतं, पण धक्का सोसत नाही आणि उष्णताही कमी सोसतं: ते साधारण १०५ अंश सेल्सियसला मऊ पडू लागतं, पॉलिकार्बोनेट १४७ च्या आसपास.

दोघांनाही पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, ब्रेक क्लीनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर वर्ज्य. पुसताना काहीच झालं नाही असं वाटतं, पण प्लास्टिकमध्ये दडलेला ताण मोकळा होतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटतात, कधी कधी काही दिवसांनी. पॉलिकार्बोनेट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. ॲक्रिलिकला तेही नको. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड एवढंच.

दिवा काढताना

शक्य असेल तर दिवा गाडीवरून काढूनच काम करा. आधी बॅटरीची ऋण तार सोडवा. झेनॉन दिवा असेल तर हे टाळूच नका. तो पेटताना २०,००० व्होल्टच्या वर दाब तयार होतो. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तिथे राहिलं की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

बरेच टेललाइट आतून दोन-तीन नट आणि एखाद्या खटक्याने धरलेले असतात. हेडलाइट काढायला अनेक गाड्यांत पुढचा बंपर सैल करावा लागतो. प्लास्टिकचे खटके थंडीत पटकन मोडतात, तेव्हा गाडी थोडी उबदार जागी आणून मगच ओढा.

टेललाइटचा तडा सांधणं

सगळ्यात समाधानकारक दुरुस्ती हीच. ॲक्रिलिकचा तडा नीट भरला तर अक्षरशः दिसेनासा होतो, आणि त्यामागे साधं कारण आहे. तडा दिसतो तो आतल्या हवेमुळे. हवेचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो त्याचं माप) १, ॲक्रिलिकचा १.४९, म्हणून त्या फटीवर उजेड चमकतो. दुरुस्तीच्या बहुतेक रेझिनचा (तड्यात भरायच्या, नंतर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाचा) अपवर्तनांक १.५ च्या जवळ असतो. हवेची जागा रेझिनने घेतली की उजेडाला तिथे काही फरकच जाणवत नाही. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक १.५८ च्या वर आहे, म्हणून तिथे उत्तम भरलेल्या तड्याचीही पुसट रेघ राहते. ती राहणारच, तिच्या मागे लागून जास्त घासू नका.

पहिली पायरी तडा थांबवायची. अंधारात बाजूने टॉर्च धरा. डोळ्याला दिसतं त्याच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे तड्याचं खरं टोक चमकताना दिसेल. तिथे १.५ ते २ मिलिमीटरचं छिद्र पाडा. टोकावर एकवटलेला ताण त्या गोल कडेवर वाटला जातो आणि तडा पुढे सरकत नाही. ड्रिल बिट धारदार हवी, वेग अगदी कमी, दाब नावापुरता. बिट हाताने फिरवलीत तर अजून चांगलं. दिवा काचेची बाजू खाली करून धरा आणि खालून भोक पाडा, म्हणजे भुगा आत न जाता बाहेर पडेल.

मग सफाई. तड्यात शिरलेली धूळ आणि मेण ओल्या कापडाने आणि मऊ ब्रशने काढा आणि पूर्ण वाळू द्या. घाई असेल तर हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, हात सहन करेल इतपतच. आत पाण्याचा अंश राहिला तर रेझिन दुधाळ होतं.

आता दोन मार्ग आहेत.

तडा घट्ट मिटलेला असेल आणि प्लास्टिक ॲक्रिलिकच असेल, तर ॲक्रिलिकचं सॉल्व्हंट सिमेंट सर्वांत मजबूत. ते चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. बारीक सुईच्या सिरिंजने तड्यावर थेंब टेकवा. ते आपोआप फटीत ओढलं जातं. अर्धा-एक मिनिट कडा दाबून धरा, मग २४ तास हलवू नका. या सिमेंटमध्ये बहुधा डायक्लोरोमिथेन असतं. त्याची वाफ विषारी आहे, तेव्हा काम उघड्यावर करा, बंद खोलीत अजिबात नको. भलत्या जागी थेंब पडला तर पुसू नका, उडून जाऊ द्या. पुसलं की डाग पसरतो. आधी काचेच्या झाकल्या जाणाऱ्या कडेवर एक थेंब टाकून बघा. तिथे रेघांचं जाळं उमटलं तर हा मार्ग सोडा.

फट उघडी असेल किंवा प्लास्टिक पॉलिकार्बोनेट असेल, तर यूव्ही रेझिन (अतिनील उजेडाने घट्ट होणारं) किंवा दोन भाग मिसळून वापरायचं पारदर्शक इपॉक्सी घ्या. बाहेरच्या बाजूने तड्यावर धारदार पात्याने जेमतेम १ मिलिमीटर खोल, इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच काढा, म्हणजे रेझिनला धरायला जागा मिळेल. काम सावलीत करा, नाहीतर उन्हाने रेझिन आधीच घट्ट होईल. रेझिन भरल्यावर वर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा दाबून बसवा. हवेतला ऑक्सिजन यूव्ही रेझिनचा पृष्ठभाग चिकट ठेवतो, पापुद्रा त्याला अडवतो. मग यूव्ही दिवा किंवा कडक ऊन. दिवा असेल तर डोळ्यांवर यूव्हीचा चष्मा.

एक बारकावा कायम विसरला जातो: लाल काच आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही यूव्ही मोठ्या प्रमाणात अडवतात. रेझिन ज्या बाजूने उघडं आहे त्याच बाजूने उजेड पाडा आणि जाड थर एकदम ओतू नका. पातळ थर, उजेड, पुन्हा थर.

इपॉक्सी वापरणार असाल तर पाच मिनिटांत घट्ट होणारं घेऊ नका. ते लवकर पिवळं पडतं आणि उष्णतेत मऊ होतं. सावकाश घट्ट होणारं निवडा. सुपर ग्लूचा मोह मात्र टाळाच. तो कंपनांत तडकतो, आणि त्याची वाफ आतल्या बाजूला पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. रिफ्लेक्टरवर ती बसली की कायमची.

तुकडाच गहाळ असेल तर भंगारातल्या तशाच रंगाच्या काचेतून तुकडा कापून, कडा घासून बसवा. छोट्या भोकासाठी आतून गुळगुळीत टेप लावून बाहेरून लाल रंग मिसळलेलं रेझिन थराथराने ओता. वाळल्यावर ८०० पासून २००० नंबरच्या वॉटर पेपरने (नंबर मोठा तसा कागद बारीक) पाणी लावत सपाट करा आणि कंपाउंडने, म्हणजे चमकवायच्या पेस्टने, चमकवा.

एका जागी रेझिन घालू नका: टेललाइटमधल्या परावर्तकावर, म्हणजे ज्या भागाच्या पाठीमागे बारीक तिकोनी खड्ड्यांची जाळी असते तिथे. ती जाळी उजेड परत फेकते कारण तिच्या मागे हवा असते. मागे रेझिन भरलं की परावर्तन तिथेच संपतं. तो भाग फुटला असेल तर फट वरवर बंद करा आणि शेजारी वेगळा लाल रिफ्लेक्टर बसवा. बंद पडलेली गाडी अंधारात दिसते ती याच तुकड्यामुळे.

हेडलाइट: तडा आणि पिवळेपणा

हेडलाइटचा तडा वरच्याच पद्धतीने भरता येतो, दोन अटींवर. हॅलोजन बल्बच्या अगदी समोर तडा असेल तर तिथली उष्णता इपॉक्सीला मऊ करते. आणि तडा झोताच्या मध्यातून जात असेल तर समोरच्याच्या डोळ्यांवर तिरीप जाते. या दोन्हीत काच किंवा पूर्ण दिवा बदला. खऱ्या काचेचा फॉग लाइट तडकला तर तोही बदलाच. तो जमिनीलगत असतो, तापलेला असताना थंड पाणी उडतं आणि भरलेला तडा पुन्हा उघडतो.

पिवळेपणा आणि धुरकटपणा हा तड्याचा प्रकार नव्हे. तो संरक्षक थर मेल्याचा परिणाम. टूथपेस्टने काही आठवडे चमक येते एवढंच. टिकाऊ काम असं होतं: काच धुवा, भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. थर सोलत असेल तर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात, नुसती धुरकट असेल तर १००० ने. कागद सतत ओला ठेवा. सुरुवातीला निघणारं पाणी पिवळसर असतं. ते स्वच्छ पांढरं होईपर्यंत याच नंबरवर थांबा. इथे उरकतं घेतलं तर पुढे कितीही घासा, ठिपके राहतात. मग १५०० आणि २०००, प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलत. आधीच्या कागदाच्या रेघा आडव्या दिसल्या की कळतं, अजून काम बाकी आहे.

पुढे काय लावणार यावर शेवट ठरतो. दोन भागांचा यूव्ही क्लिअर कोट फवारणार असाल तर काच चमकवू नका. २००० नंबरचा मंद पृष्ठभागच त्याला पकडतो, आणि कोट त्या बारीक रेघा स्वतः भरून काढतो. पारदर्शक संरक्षक फिल्म लावणार असाल तर ३००० नंबर आणि कंपाउंडने पूर्ण चमकवा. नुसतं चमकवून सोडून देणं मला मान्य नाही. जुना थर घासून काढलेला असतो, उघडं पॉलिकार्बोनेट आधीपेक्षा लवकर पिवळं पडतं. क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये (घट्ट करणाऱ्या भागात) आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायनं असतात. साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही, कार्ट्रिज असलेला मास्क घाला आणि उघड्यावर फवारा.

आत ओल असेल तर

कडेला हलकं धुकं येऊन दिवा लावल्यावर जात असेल, तर ते नेहमीचं आहे. दिव्याला श्वास घ्यायला एक छोटी नळी किंवा पातळ पडद्याचं छिद्र दिलेलं असतं. ते 'गळतंय' म्हणून बुजवू नका. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचलं असेल तर मात्र गळती आहे.

मागची झाकणं काढा, कमी उष्णतेची हवा फिरवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून रात्रभर सोडा. रिफ्लेक्टर कापडाने पुसू नका. फारच माती असेल तर शुद्ध पाण्याने खळबळून हवेवर वाळवा. गळती शोधायला सांध्यावर साबणाचं पाणी लावा आणि श्वासाच्या नळीतून तोंडाने हलकेच फुंका. बुडबुडे येतात तिथे वाट आहे.

सांधा बंद करायला न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, ते आतला ॲल्युमिनियम थर आणि तारांची टोकं खातं.

काच पूर्ण उघडणं शेवटचा उपाय. ब्यूटाइल रबराने चिकटवलेला हेडलाइट बल्ब, स्क्रू आणि इलेक्ट्रॉनिक्स काढून ८० ते १०० अंशांपर्यंत तापवला की पसरट पट्टीने हळूहळू सुटतो. हीट गन वापरत असाल तर ती एका जागी थांबवू नका, आणि यासाठी स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका. पॉलियुरेथेनने चिकटवलेले दिवे असे सुटत नाहीत. टेललाइट तर बहुतेक वेळा कडेला वितळवून जोडलेले असतात आणि ॲक्रिलिक उष्णतेला नाजूक, तेव्हा त्यांना तापवून उघडायच्या फंदात पडू नका.

कॅमेरा

रिव्हर्स कॅमेऱ्याकडे आधी टॉर्च तिरकी धरून बघा. काहींत भिंगापुढे वेगळी सपाट काच असते, काहींत फुगीर भिंगच सगळ्यात बाहेर असतं. या फरकावर सगळं अवलंबून आहे.

सपाट काच तडकली असेल तर ती बदलता येते. तेवढ्याच जाडीची, पूर्ण सपाट आणि स्वच्छ चकती त्याच खोबणीत न्यूट्रल सिलिकॉनने बसवा. बंद करण्याआधी आतली बाजू निर्मळ हवी आणि हवा कोरडी, नाहीतर पहिल्याच थंड सकाळी आतून धुकं येईल.

फुगीर भिंगाला तडा किंवा खोल ओरखडा असेल तर रेझिन चालत नाही. भरलेली जागा डोळ्याला सपाट वाटली तरी भिंगाच्या वक्राशी जुळत नाही. दिवसा चित्र बरं दिसतं, पण रात्री मागच्या गाडीचा दिवा पडला की पडद्यावर पांढरे फराटे उठतात आणि त्यामागे काय आहे ते लपतं. कॅमेरा बदला. बदलताना प्लग, व्हिडिओ सिग्नलचा प्रकार, पाहण्याचा कोन आणि चित्र आरशासारखं उलटं येतं का, हे चारही जुळायला हवेत. सुलट चित्र देणारा पुढचा कॅमेरा मागे लावला तर डावं-उजवं उलटं होतं आणि मागे घेताना तेच घातक ठरतं.

भिंग शाबूत असून चित्र गढूळ असेल, तर बऱ्याचदा दोष वरच्या पाणी झटकणाऱ्या थराचा असतो. तो वयानुसार चट्ट्याचट्ट्यांनी सोलतो. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग ओल्या मायक्रोफायबरने पुसा. कोरडं पुसणं म्हणजे धुळीनेच घासणं. चट्टे राहिलेच तर प्लास्टिकसाठीचं बारीक पॉलिश कापसाच्या काडीवर घेऊन अगदी हलक्या हाताने फिरवा, दर थोड्या वेळाने पडद्यावर चित्र तपासा आणि स्पष्ट दिसताच थांबा. थर गेल्यावर पाण्याचे थेंब जास्त रेंगाळतात, एवढी तडजोड आहे. वॉटर पेपर भिंगाला कधीच लावू नका.

आत पाणी गेलेल्या कॅमेऱ्याला वाळवून काही दिवस काढता येतात, पण कारखान्यातला सांधा एकदा गेला की तो विश्वासाचा राहत नाही. डॅशकॅमचं भिंग बरेचदा १२ मिलिमीटरच्या आट्यांवर बसलेलं असतं आणि गोंदाच्या ठिपक्याने पक्कं केलेलं असतं. तो ठिपका सैल करून भिंग बदलता येतं, मात्र दूरच्या अक्षरांकडे बघत फोकस जुळवून मगच पुन्हा पक्कं करा.

पुढच्या काचेमागचा, लेन किंवा आपोआप ब्रेकसाठीचा कॅमेरा या सगळ्यातून वेगळा काढा. त्याच्या नजरेच्या पट्ट्यात काचेला तडा असेल तर तो भरून घेऊ नका. काच बदलायची आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, करून घ्यायचं. थोडाही कोन सरकला तरी तो रस्त्यावरचं अंतर चुकीचं मोजतो.

बसवल्यानंतर

हेडलाइट काढून बसवला असेल तर सपाट जमिनीवर गाडी भिंतीसमोर उभी करा आणि दोन्ही लो बीमची वरची कडा ताडून बघा. एका बाजूची वर गेली असेल तर दिव्यामागच्या स्क्रूने खाली आणा. मग नळाचं पाणी काही मिनिटं वरून हलकं सोडा आणि दुसऱ्या सकाळी आत थेंब आहेत का ते पाहा. टेललाइटसाठी अंधारात कुणालातरी ब्रेक दाबायला सांगून १०-१५ पावलं मागे उभे राहा. सांध्यातून पांढरा उजेड झिरपत असेल तर त्यावर त्याच दिवशी लाल फिल्म लावा आणि नवी काच मागवा.